डावा प्रसाद

आमोण्याच्या जयरामबद्दल गावात एक वाक्य ठरून गेलं होतं: त्याला शिंक आली तरी तो आधी देवीला विचारतो आणि मग शिंकतो. म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. थट्टा करणाऱ्यांतले निम्मे स्वतःही त्याच देवळाच्या पायऱ्या चढायचे, फक्त इकडेतिकडे बघून. जयराम चारचौघांत चढायचा, एवढाच काय तो फरक.

देऊळ त्याच्या कुळदेवीचं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, चार माणसं बसली की भरून जाईल एवढं लहान. तिथला गुरव सदाशिव. ओल्या फुलाच्या पाकळ्या तो मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचा, विचारणाऱ्याने मनात प्रश्न धरायचा आणि हात जोडून बसायचं. उजवीकडची पाकळी आधी गळली तर देवीचा होकार, डावीकडची गळली तर नकार. याला प्रसाद घेणं म्हणतात. नियम एकच, पण कडक. देवीने एकदा सांगितलं की त्या गोष्टीवर तिच्याशी वाद घालायचा नाही. देवी काय कोर्टातली साक्षीदार आहे, उलटतपासणी घ्यायला?

जयरामने सगळं आयुष्य असं विचारून काढलं. तरुणपणी तो खाणीवर टिपर चालवायचा. खाणीवरून माल भरायचा, आमोण्याच्या धक्क्यावर बार्जमध्ये ओतायचा आणि पुन्हा वर जायचं. संध्याकाळी घरी आला की कानामागची लाल माती धुताना बायको बालदीभर पाणी संपवायची. परसातल्या या कोपऱ्यात विहीर खणू का, असं त्याने देवीला विचारलं, उजवा प्रसाद मिळाला आणि पाणी लागलं. मित्राबरोबर भागीत ट्रक घेऊ का म्हणून विचारलं, तर डावा मिळाला. त्याने नाद सोडला, मित्राने एकट्याने ट्रक घेतला आणि दुसऱ्याच वर्षी तो घाटात दरीत गेला. मित्र वाचला, ट्रक गेला. एवढं बघितल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही? ज्याच्या विहिरीला पाणी लागलं त्याने पाणाड्याला खोटं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

गोवा राज्य झालं त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, त्याच्या बायकोच्या, चंद्रावतीच्या पोटात दुखायला लागलं. डिचोलीच्या बाजारात पेढे वाटले जात होते, मराठी की कोकणी यावरून भांडून दमलेली माणसं एकाच दुकानात उभी राहून ते खात होती, आणि ती बाकड्यावर पोट धरून बसली होती. डिचोलीच्या डॉक्टरने पणजीला पाठवलं. तिथल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, गाठ आहे, कापून काढायला हवी, आणि याच आठवड्यात. जयराम म्हणाला, "विचारून सांगतंय." डॉक्टरला वाटलं, भावांना विचारणार असेल.

देवीने डावा दिला. जयराम उठला, घरी आला आणि इस्पितळाची गोष्ट बंद झाली. मग झाडपाला झाला, काढे झाले, पेडण्याहून मेहुणा पांडुरंग येऊन हातापाया पडून गेला. चतुर्थी सरल्यावर जयरामने नवा प्रश्न विचारला, आता नेऊ का? तेव्हा उजवा मिळाला. त्याने तिला लगेच नेलं, त्यात त्याने एक दिवसही दवडला नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. बाहेर येऊन तो डॉक्टर म्हणाला, "त्या वेळी आणली असती तर वाचली असती हो." ते ऐकायला जयराम होता, आणि त्याच्या शेजारी चहाचा थर्मास दोन्ही हातांनी धरून त्याचा तेरा वर्षांचा मुलगा सुदेश उभा होता. दिवाळीच्या आधी चंद्रावती गेली.

जयराम खूप रडला, पण कोसळला नाही. देवीने बोलावली, आपण कोण? ही एक फळी त्याच्या हाताला लागली होती आणि तिच्यावर तो तीस वर्षं तरंगत राहिला.

सुदेशला अशी फळी मिळाली नाही. तो मामाकडे पेडण्याला शिकायला गेला आणि तिथलाच झाला. पुढे म्हापशाच्या बँकेत लागला, सावंतवाडीच्या श्रद्धाशी त्याने रजिस्टर लग्न केलं. त्या लग्नाला ना मुहूर्त होता ना प्रसाद. बापाला त्याने टाकलं नाही, तसं कुणी म्हणू नये. चतुर्थीला दीड दिवस यायचा, गणपतीपुढे बसायचा, औषधं आणून द्यायचा, छपराची कौलं बदलून द्यायचा. "बाबा, तुमका काय होया?" असं विचारायचा. त्यापलीकडे मात्र शब्द नव्हता. त्या डॉक्टरचं वाक्य दोघांच्या मध्ये होतं, आणि त्यांपैकी एकानेही ते कधी उच्चारलं नाही.

म्हाताऱ्याच्या घरात हसणंखिदळणं आणलं ते नातीने. गौरवी सुट्टीला आली की आजोबाला "आबा, तू" करून सळो की पळो करायची. खाणी बंद पडल्या, टिपर विकला गेला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि जयरामचं जग या पोरीच्या सुट्ट्यांवर येऊन ठेपलं. आता ती बारावी होऊन पुण्याला शिकायला जाणार होती. जाण्याआधी तिला बापाकडून एकच गोष्ट हवी होती: मुरगावच्या समोर समुद्रात जे बेट आहे तिथे सगळ्यांनी जायचं आणि तिने पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायचं. आणि आबा आला तरच.

सुदेशने स्वतः फोन केला. "बाबा, तुमी येतलात?" एवढंच विचारलं. जयरामने फोन ठेवला. चतुर्थी नाही, आजार नाही, कुणाचं बारावं नाही, आणि तरी लेकाने बोलावलं, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं.

आता गप्प बसून जायचं की नाही? पण जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी सकाळी हा डोंगर चढून देवळात हजर. नातीला दर्यात उतरवू का, असा प्रश्न त्याने मनात धरला. सदाशिवने पाकळ्या लावल्या. दोघे म्हातारे समोर बसले. फार वेळ लागला नाही. डावीकडची पाकळी गळून देवीच्या पायाशी पडली.

"जयराम," सदाशिव म्हणाला, "पोरीक धाडू नको."

जयराम पायऱ्या उतरला तो घामाने भिजूनच. काय करायचं? सुदेशला सांगितलं तर तो फक्त आपल्याकडे बघेल, थर्मास धरून उभा असताना बघत होता तसा. आणि पुन्हा कधी बोलावणार नाही. नाही सांगितलं, आणि पोरीला काही झालं, तर? एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला नात. देवीचा शब्द मोडून तो आजवर कधी उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. घरी येईपर्यंत त्याने ठरवलं, सांगायचं नाही. पण आपण तिच्याजवळून हलायचं नाही. आणि दारातूनच डोंगराकडे वळून त्याने देवीला आंगवण केली, नवस बोलला: घ्यायचाच असेल तर हा म्हातारा घे, पोरीला वर आण.

मांडवीच्या मुखाशी होडी उभी होती. होडी म्हणायची एवढंच, वर कर्ण्यातून गाणी अशी वाजत होती की माशांनी कानांवर पर घेतले असतील. एप्रिलचं ऊन होतं. बाहेरच्या समुद्रात होडी हलायला लागली तशी श्रद्धा कठडा धरून बसली आणि लिंबू हुंगत राहिली. गौरवी पुढच्या टोकाला जाऊन उभी होती. डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका बाजूला धावले तेव्हा जयराम तेवढा तिचा कुडता मुठीत धरून उभा राहिला.

"आबा, सोड, मी काय पळून जातंय?"

"होडी हालता गो," तो म्हणाला.

बेटाच्या आडोशाला पाणी शांत होतं. तिथे नांगर टाकला. पाण्यात उतरवणारा मुलगा वेंगुर्ल्याचा होता, प्रशांत नावाचा. उन्हाने रापलेला, हसतमुख. त्याने सगळ्यांना समोर बसवून समजावलं: नाक काचेच्या आत बंद राहील, श्वास तोंडातल्या नळीने घ्यायचा, कान दुखला तर नाक दाबून फुंकायचं, वर यायचं असेल तर अंगठा वर करायचा. गौरवी मन लावून ऐकत होती. जयराम तिच्याहून मन लावून ऐकत होता. समजावून झालं तसा तो उठला.

"रे बाबू," तो प्रशांतला म्हणाला, "आधी माका सोड खाली. तिका मागीर बघूया."

प्रशांतला क्षणभर कळेना. मग तो हसला. "आजोबा, बीपीच्या गोळ्यो खातात ना? तुमका खाली नेलंय तर माझी नोकरी जातली."

"माझी खाणीवरली नोकरी कधीच गेली. मी काय मेलंय?"

होडीतली अनोळखी माणसंही हसली, आणि त्यांच्यात सुदेश होता. मोकळेपणाने, मान मागे टाकून तो हसत होता. म्हाताऱ्याला या वयात काय हौस आलीय, असंच त्याला वाटलं असणार. लेकाचं ते हसणं जयराम बघत राहिला. असा हसणारा पोरगा आज संध्याकाळी आपल्याकडे कोणत्या नजरेने बघेल, कोण जाणे.

शेवटी तडजोड झाली. आजोबांनी अंगात फुगवलेलं जाकीट घालून वरच्या वर तरंगायचं, तोंडात नळी, डोळ्यांना काच, हातात दोरीने बांधलेली रबराची रिंग. त्यातून खालचं सगळं दिसतं. सुदेशही बरोबर उतरला. सत्तरी ओलांडलेला जयराम आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात होता. नदीकाठी जन्म गेला, पण नदीचं पाणी कंबरेच्या वर त्याने कधी येऊ दिलं नव्हतं. मिठाने जीभ जळली, नळीतला स्वतःचाच श्वास कानात भात्यासारखा वाजायला लागला. त्याने डोकं खाली घातलं.

खाली हिरवट उजेड होता. खडकांवर काळी-पिवळी मासळी फिरत होती. होडीतून कुणीतरी पावाचे तुकडे टाकले, तेव्हा त्यांची झुंबड त्याच्या नाकासमोर आली आणि गेली. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. एका बाजूने प्रशांत गौरवीला टाकीला धरून हळूहळू खाली नेत होता. तिचे केस पाण्यात वर उभे राहिले होते. तिच्या तोंडातून बुडबुडे निघत होते, वर येता येता मोठे होत होते आणि थेट जयरामच्या छातीवर, गळ्यावर, काचेवर येऊन फुटत होते.

म्हातारा पाय मारत जागच्या जागीच राहिला. बुडबुडा आला की पोरगी श्वास घेते आहे, एवढं त्याला समजलं, आणि तेवढं त्याला पुरे होतं. एक आला, तो फुटला, पुढचा आला. मनात तो देवीला तेच तेच सांगत होता. बाय माझे, मी हय आसंय, माका घे.

खाली गौरवीने तळाची वाळू हाताने चाचपली, एका खडकाशी वाकून काहीतरी बघितलं. मग वर मान केली. आजोबाला तिने बघितलं असावं, कारण ती हात हलवायला लागली. आणि तेवढ्यात तिच्या तोंडातून बुडबुड्यांचा एकच मोठा लोट उठला. त्यानंतर काही नाही. पाणी नुसतं हिरवं.

जयराम ओरडला. तोंडात नळी असताना माणूस ओरडला तर काय होणार? खारं पाणी घशात गेलं, रिंग सुटली, काच निसटली. सुदेशने त्याला मागून कव घातली, होडीवरच्यांनी दोरी खेचली, आणि ओल्या गोणत्यासारखं त्याला वर काढून फळीवर ठेवलं. तो खोकत होता आणि पाण्याकडे बोट दाखवत होता. "पोर... सुदेस... पोर..."

पोर तिकडून वर आली ती हसतच. प्रशांतने अंगठा वर केला होता. "नळी सुटली माझ्या तोंडातली," काच कपाळावर ढकलत ती म्हणाली. "ह्यांनी लगेच परत बसवली. पण आबा, चूक तुझी! खालून तुझे पाय दिसत होते. बेडकासारखे मारत होतास. मला हसूच आवरेना."

सगळे हसले. श्रद्धासुद्धा मळमळ विसरून हसली. म्हाताऱ्याने नातीचा ओला हात धरला, तिच्या मनगटावरची नाडी बोटाने शोधली आणि तोही हसला. आहे, लागते आहे, चांगली ठणठणीत आहे. देव तारी त्याला कोण मारी, असं तो तोंडाने म्हणालादेखील. त्याच्या अंगातली सगळी भीती उतरून पायांखालून वाहून गेली. सकाळपासून त्याला भूक लागली नव्हती, ती आता लागली.

बेटाच्या कडेला सावलीत जेवण वाढलं. भात, बांगड्याची आमटी, सोलकढी. जयरामला थंडी भरली होती म्हणून सुदेशने त्याच्या पाठीवर तुवाल टाकला, आणि मग, कसं कोण जाणे, तुवालाच्या टोकाने तो त्याचं डोकं पुसायला लागला. लहान मुलाचं पुसतात तसं, खसाखसा. लेकाचा हात डोक्यावर! जयरामने घास तसाच धरला.

आणि त्याच वेळी ती गोष्ट त्याच्या मनात आली. बेसावध माणसाच्या पाठीत लाथ बसावी तशी आली.

प्रसाद डावा पडला होता. आणि पोरगी समोर बसून बांगड्याचा काटा काढते आहे.

म्हणजे देवीने नको म्हटलेलं केलं, आणि काही झालं नाही. मग त्या वर्षी नको म्हटलेलं केलं असतं तर? चंद्रावतीला त्याच आठवड्यात नेली असती तर? हा प्रश्न त्याने तीस वर्षांत मनाला शिवू दिला नव्हता. देवीचा शब्द मोडला की काय होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण त्याने तो कधी मोडलाच नव्हता. आज मोडला, आणि कळलं. तीही अशीच घरी आली असती. या पोरीच्या शेजारी आज अशीच बसली असती, केस पांढरे झालेली, काटे काढत.

त्याच्या हातातला घास पानात पडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"बाबा, काय झाला? नाकात पाणी गेलां?" सुदेशने विचारलं. श्रद्धा आणि गौरवी पाणी आणायला होडीकडे गेल्या होत्या. दोघेच होते.

"सुदेस, मी देवीचो प्रसाद घेतलो."

सुदेशचा हात तुवालावर थांबला. "मग?"

"डावो पडलो."

सुदेशने चटकन होडीकडे बघितलं. गौरवी पाण्याची बाटली घेऊन येत होती, पायाला खडे टोचतात म्हणून उड्या मारत. या सगळ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, तरी त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्याचा त्याला राग आला. "आनी तुमी गप ऱ्हवलात?"

"गप ऱ्हवलंय. तू बोलवलंस म्हणान." जयरामने बोटांनी डोळे पुसले, बोटांना आमटी होती, डोळे आणखी झोंबले. "ती वर इली, सुदेस. डावो पडान इली. मग तुझी आवस..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. बोलायची गरजही नव्हती. सुदेशने लहानपणापासून एक वाक्य घोटून ठेवलं होतं. बाप कधी तरी कबूल करेल तेव्हा त्याच्या तोंडावर मारायचं, शब्दन् शब्द जुळवून ठेवलेलं वाक्य. मामाच्या घरी, हॉस्टेलवर, बँकेत कितीदा तरी त्याने ते मनात म्हणून बघितलं होतं. आता वेळ आली, आणि समोर बसला होता भिजलेला, काकडणारा, आमटीच्या बोटांनी डोळे चोळणारा म्हातारा. कुणाला मारायचं?

"आई तशीय वाचपाची नाय होती, बाबा," तो म्हणाला.

"दोतोर म्हणालो..."

"दोतोर सगळ्यांकच तशां सांगतत. माका मागीर दुसऱ्या दोतोरान सांगला. पयल्यापासूनच उशीर झाललो."

जयरामने लेकाकडे बघितलं. सुदेश समुद्राकडे बघत होता. खोटं बोलताना तो लहानपणीही असाच दुसरीकडे बघायचा, त्याला आईने कितीदा तरी त्याबद्दल धपाटा घातला होता. दुसरा कुठला डॉक्टर नव्हताच. लेकाने आत्ता, या घडीला, बापासाठी तो पैदा केला होता. जयरामला ते समजलं आणि त्याचा जीव लेकावरून ओवाळून टाकावा असा झाला. पण बुडत्याला काडी दिली म्हणून ती त्याला पेलते थोडीच.

"आसात," पटल्यासारखं दाखवून तो म्हणाला, आणि लेकाला बरं वाटावं म्हणून चार घास जेवला.

जून लागायच्या आधी गौरवी पुण्याला गेली. जाताना आजोबाच्या पाया पडली, पाठीत गुद्दा मारला आणि गेली. सुदेश आता दर रविवारी फोन करू लागला. कधी कधी बोलण्यासारखं काही नसे, तरी फोन चालू ठेवी. जे जयरामने इतकी वर्षं मागितलं ते त्याला मिळालं होतं, आणि ते हातात धरायला त्याच्या अंगात बळ उरलं नव्हतं. रात्रीची झोप गेली, जेवण गेलं. शेवटी एक दिवस काठी घेऊन, चार ठिकाणी बसत तो डोंगर चढला.

सदाशिव देवळात दिव्याची वात सारत होता. जयरामने त्याला सगळं सांगितलं: आंगवण, बेट, पाणी, सुटलेली नळी. आणि मग विचारलं, "सदाशिव, देवी खोटां सांगता?"

सदाशिव दुखावला नाही. असल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या वाडवडिलांपासून तयार होती. "देवी खोटां कित्याक सांगात? तिनं धोको दाखयलो. नळी सुटली ना पोरीची? सुटलीच. पण तू आंगवण केललंस, तिच्यावांगडा पाण्यात उतारलंस, देवीन तुझां आयकला. डावो म्हणजे नकोच, असां नसता रे. डावो म्हणजे सांभाळ. मागणां घालूचा, आंगवण करूची आनी जाऊचा. देवी आवस आसा, दगड न्हय."

त्याला वाटलं, आपण म्हाताऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरवला. मग अगदी हळू आवाजात जयरामने विचारलं, "मग चंद्रावतीच्या वेळार माका ह्यां कित्याक सांगलंस नाय?"

सदाशिवने आठवून बघितलं. त्याच्या मनात काही कपट नव्हतं. "तू विचारलंस खंय?" तो म्हणाला. "पाकळी पडली आनी तू उठान चलत ऱ्हवलंस."

खरंच होतं ते. जयराम मान हलवून बाहेर आला आणि पायरीवर बसला. देवी खोटी असेल, तर चंद्रावतीला त्याने मारलं. देवी खरी असेल, तर तिच्यापाशी हट्ट धरता आला असता, नातीसाठी धरला तसा, आणि बायकोसाठी त्याने तो धरला नव्हता. तेव्हाही चंद्रावतीला त्यानेच मारलं. कुठल्याही वाटेने गेलं तरी घर तेच येत होतं. इतकी वर्षं तो देवीने नेलेल्या बायकोसाठी रडला होता. आता नुसत्या चंद्रावतीसाठी रडू आलं, आणि ती आज सकाळी गेल्यासारखं आलं.

त्या वर्षी, इस्पितळाचा तो डावा प्रसाद घेऊन तो घरी परतला, तेव्हा चंद्रावती दाराशी बसली होती. इस्पितळात जायचं म्हणून तिने आपणहून पिशवी भरली होती: दोन लुगडी, तांब्या, कंगवा, सुदेशचा एक सदरा. तो म्हणाला, देवी नको म्हणते. तिने पिशवीवरचा हात काढला नाही. मग त्याने ती पिशवी तिच्या हातातून घेतली आणि एक एक वस्तू काढून जागच्या जागी ठेवली. लुगडी दांडीवर टाकली, कंगवा फळीवर ठेवला. ती बघत होती. सगळं ठेवून झाल्यावर ती उठली आणि भात लावायला आत गेली.